कालव्याकाठची पेठ आणि तिचे खरे मानकरी

मराठी मध्यमवर्गाच्या परदेशप्रवासाचा श्रीगणेशा अलीकडे पुष्कळदा बँकॉकपासून होतो, आणि त्या प्रवासाच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत पाचूच्या बुद्धाचे मंदिर, जडजवाहिरांचे दालन व पट्टायाचा समुद्रकिनारा यांच्या जोडीला ‘तरंगता बाजार’ हेही एक कलम ठरलेले असते. पहाटे उठून बसमध्ये बसावे, नगराबाहेर दूरवर जावे, निमुळत्या होडीतून तासभर फिरावे, होडीतल्या बाईकडून नारळपाणी घेऊन छायाचित्र काढावे आणि दुपारी परत यावे, असा तो शिरस्ता आहे. या शिरस्त्याबद्दल माझी तक्रार एवढीच, की त्यात बाजार दिसत नाही. ही नगरी पिढ्यानपिढ्या काय खात आली, कोणाच्या हातचे खात आली आणि आपल्या जलमार्गांच्या काठी तिने अन्नाचा व्यवहार कसा मांडला, हे ज्याला पाहावयाचे आहे, त्याने साध्या कामकाजाच्या दिवशी, सूर्य माथ्यावर येण्यापूर्वी, फदुंग क्रुंग कासेम या जुन्या कालव्याशेजारच्या नांग लोएंग पेठेत जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा कालवा काय आहे, हे आधी सांगितले पाहिजे. 1782 मध्ये पहिल्या रामाने चाओ फ्राया नदीच्या पूर्वतीरावर राजधानी वसविली तेव्हा नगररचनेचा मूलाधार रस्ता नव्हता, पाणी होते. तटाबाहेरचा खंदक हाच राजमार्ग होता, तोच सीमा होता आणि त्याच पाण्यावर प्रातःकाळी भाजी, मासळी, तांदूळ आणि फळे यांनी भरलेल्या होड्या येऊन थांबत. वस्ती वाढली, तट अपुरे पडू लागले, तेव्हा चौथा राम म्हणजे राजा मोंगकुट याने गादीवर येताच, 1851 साली, राजधानीभोवती आणखी एक बाह्य खंदक खणण्याचा हुकूम सोडला. उत्तरेस थेवेत येथे नदीतून निघून पूर्वेकडे वळसा घेत दक्षिणेस पुन्हा नदीलाच मिळणारा, सुमारे साडेपाच किलोमीटर लांबीचा हा फदुंग क्रुंग कासेम. संरक्षण हा त्याचा जाहीर हेतू होता खरा, परंतु त्याच्या काठावर लढाई कधी झाली नाही. बाजार मात्र एकामागून एक उभे राहिले. थेवेतच्या मुखाशी रोपांचा व ताज्या जिनसांचा बाजार आहे, साएन साएप कालव्याकडून येणारे पाणी जेथे याला मिळते त्या महानाकच्या परिसरात फळांचा घाऊक बाजार आहे, त्याच्या शेजारी बोबे येथे कपड्यांचा आहे, आणि या दोन टोकांच्या दरम्यान नांग लोएंग आहे. एकोणिसाव्या शतकात खणले गेलेले असे अनेक कालवे चिनी मजुरांनी रोजंदारीवर खणले, आणि पुढे त्याच समाजातील कुटुंबांनी त्यांच्या काठी दुकाने थाटली, ही गोष्ट येथील खाद्यपदार्थ चाखताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण कढईतला नारळाच्या दुधाचा रस्सा सयामी असला तरी शेजारच्या पातेल्यातले बदक आणि शेवया त्या मजुरांच्या मुलखातून आलेल्या आहेत.

पाण्यावरचा बाजार जमिनीवर कसा आला, हा या पेठेच्या जन्माचा वृत्तांत आहे. 1855 साली इंग्रजांशी बाउरिंगचा तह झाला, सयामचा परदेशी व्यापार खुला झाला आणि परदेशी वकिलातींच्या मागणीवरून 1860 नंतरच्या पहिल्याच वर्षांत चारोएन क्रुंग हा पहिला आधुनिक रस्ता बांधला गेला. पुढे ट्राम आली, घोड्यांनी ओढलेली आणि मग विजेची. पाचवा राम म्हणजे राजा चुलालोंगकोर्ण 1897 मध्ये युरोपचा दौरा करून परतल्यावर त्याने राजधानीच्या उत्तरेस दुसितचा नवा राजवाडा आणि त्याकडे जाणारे प्रशस्त मार्ग बांधण्यास घेतले. आणि या नव्या-जुन्या नगराच्या सांध्यावरच 1900 साली नांग लोएंगची पेठ त्याच्याच हस्ते उघडली गेली. बँकॉकचा जमिनीवरचा पहिला बाजार म्हणून तिची ख्याती आहे. मधोमध छपराखालचा चौक, सभोवार दुमजली दुकानघरांच्या रांगा, वर राहणे आणि खाली व्यापार, अशी ती मांडणी आजही बव्हंशी तशीच आहे. होड्या एका दिवसात नाहीशा झाल्या नाहीत. पुष्कळ काळ माल कालव्याने येत राहिला आणि गिऱ्हाईक रस्त्याने येत राहिले, आणि या दुहेरी सोयीमुळेच ही पेठ भरभराटीस आली.

पेठ म्हणजे केवळ क्रयविक्रय नव्हे, हे आपल्याकडच्या जुन्या पेठांत वाढलेल्या वाचकाला निराळे सांगावयास नको. नांग लोएंगमध्ये 1918 साली साला चलेम थानी हे लाकडी चित्रपटगृह उभे राहिले. मूकपटांपासून बोलपटांपर्यंत त्याने सारे पाहिले आणि 1993 मध्ये त्याचे दरवाजे मिटले. तिसऱ्या रामाच्या काळात दक्षिण सयामातून राजधानीत आलेल्या लाखोन चात्री या नृत्यनाट्याच्या कलावंतांची घराणी याच वस्तीत राहिली. घोड्यांच्या शर्यतींचे मैदान शंभर वर्षे शेजारी होते, तेही 2018 मध्ये बंद झाले. थाई रजतपटाचा सर्वांत लाडका नायक मित्र चाइबंचा याच वस्तीत लहानाचा मोठा झाला. 1970 साली चित्रीकरण चालू असताना हेलिकॉप्टरला लटकलेल्या दोरशिडीवरून पडून त्याचा अंत झाला, आणि आजही या पेठेत त्याची मूर्ती मोठ्या ममतेने जपली जाते. रंगभूमी, सिनेमा आणि शर्यत यांना येणारा माणूस भुकेला असे, त्याला खाऊ घालणारी मंडळी शेजारीच असत, आणि करमणुकीची ही स्थाने एकेक करून मालवली तरी खाऊ घालणारे मात्र टिकले, हे मला या पेठेचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते.

ते टिकले कशाच्या बळावर? पंतप्रधानांचे कार्यालय जवळ आहे, शिक्षण मंत्रालय जवळ आहे, लहानमोठी सरकारी दफ्तरे या भागात पसरलेली आहेत. आणि साडेअकराच्या सुमारास या दफ्तरांतील कारकून, शिपाई, गणवेशातले अधिकारी आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या तरुण मुली चौकातल्या मेजांकडे येऊ लागतात. भात-रश्शाच्या गाळ्यावर दहा-पंधरा परातींत निरनिराळे रस्से, परतलेल्या भाज्या, खारवलेली अंडी आणि तळलेली मासळी मांडलेली असते. गिऱ्हाईक बोटाने दोन परातींकडे निर्देश करते, वाढणारी बाई भातावर ते दोन्ही घालते आणि पैसे मागाहून घेते. ‘आज तिखट कमी का’ अशी विचारणा होते, तिला उत्तर मिळते, आणि त्या प्रश्नोत्तरांतून पाककर्त्यावर रोजच्या खाणाऱ्याचा जो अंकुश राहतो, तो कोणत्याही परीक्षकमंडळाला ठेवता येणार नाही. दुपारी दोन वाजता पराती रिकाम्या होतात आणि गाळे धुतले जाऊ लागतात. शनिवार-रविवारी पुष्कळ गाळे बंदच असतात, कारण त्या दिवशी दफ्तरे बंद असतात. ज्या बाजाराची सुट्टी त्याच्या गिऱ्हाइकाच्या सुट्टीशी जुळते, तो बाजार कोणासाठी आहे हे वेगळे विचारावे लागत नाही.

येथील खानोम बुएंग करणाऱ्या बाईपाशी मी बराच वेळ उभा राहिलो. तांदळाच्या आणि मुगाच्या पिठाचे, चुन्याच्या निवळीत कालवलेले पातळ पीठ ती तापल्या सपाट तव्यावर चपट्या उलथण्याने एकाच फेऱ्यात तळहाताएवढे पसरवी. अशा वीसेक चकत्यांची रांग तव्यावर लागली की पहिलीवर परत येऊन अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा साखर घालून फेसलेला लेप देई, त्यावर कोठे पिवळ्याधमक तंतूंची चिमूट तर कोठे खोबऱ्याच्या रंगवलेल्या किसाची. आणि कडा तांबूस झाल्याबरोबर पात्याने सोडवून, दुमडून, कागदी पेटीत उभी करी. चुन्याची ती निवळीच चकतीला कुरकुरीतपणा देते. आपल्याकडे कोहळ्याच्या पेठ्यासाठी फोडी चुन्याच्या पाण्यात ठेवतात, त्यामागचे तत्त्व हेच. एका चकतीला लागणारा वेळ अर्ध्या मिनिटाचा, परंतु सगळ्या चकत्यांचे भान एकाच वेळी राखण्याची ती एकाग्रता वर्षानुवर्षांच्या सरावाशिवाय येत नाही. बोलण्यात गुंतूनही तिची एकही चकती करपली नाही.

त्या पिवळ्या तंतूंविषयी थोडे विषयांतर केले पाहिजे, कारण त्यांच्या मुळाशी आपल्या किनाऱ्याचाही संबंध येतो. अंड्याच्या पिवळ्या बलकाची बारीक धार उकळत्या पाकात सोडून केलेले हे तंतू म्हणजे फोय थोंग, आणि ही कृती पोर्तुगीजांची आहे. 1510 मध्ये गोवा आणि 1511 मध्ये मलाक्का घेणाऱ्या आफोन्सो द आल्बुकर्कने त्याच 1511 साली सयामच्या अयुथया या तत्कालीन राजधानीत दुआर्ते फर्नांदिस हा आपला वकील रवाना केला, आणि त्या दरबारात पाय ठेवणारा तो पहिला युरोपीय ठरला. पुढे सतराव्या शतकात नाराय राजाच्या कारकीर्दीत, फॉल्कन या ग्रीक वंशाच्या मंत्र्याची पत्नी मारिया गुयोमार हिने पाकातल्या अंड्यांच्या मिठाया सयामच्या राजवाड्यात रुजविल्या, असे परंपरा सांगते; ती स्वतः जपानी आणि पोर्तुगीज रक्ताच्या संमिश्र घराण्यातली होती. ज्या आरमाराने मांडवीच्या मुखाशी नांगर टाकला त्याच आरमाराच्या हालचालींतून फदुंग क्रुंग कासेमच्या काठचा हा गोड पदार्थ उद्भवला, आणि ज्या मिरचीवाचून आज कोल्हापूरचा तांबडा रस्सा किंवा सयामी रस्सा यांपैकी काहीच संभवत नाही, ती अमेरिकेची मिरचीही याच जलमार्गाने दोन्ही मुलखांत पोहोचली. मराठी माणसाला या पेठेत परकेपणा वाटण्याचे वास्तविक काही कारण नाही.

आता त्या तरंगत्या बाजाराकडे वळू. तो जेथे भरतो तो दामनोएन सादुआक हा कालवा खोटा नाही. तोही मोंगकुट राजाच्याच आज्ञेने 1866 ते 1868 या काळात खणला गेला, बत्तीस किलोमीटर लांबीचा, दोन नद्यांना जोडणारा, आणि त्याच्या काठच्या मळेवाल्यांचा होड्यांवरचा बाजार एके काळी खराखुरा बाजार होता. त्याआधी प्रवाशांना थोनबुरीतील वाट साय या मंदिराजवळचा बाजार दाखविला जाई. मोटारबोटींतून येणाऱ्या प्रेक्षकांची गर्दी वाढली, रस्ते झाले, स्थानिक गिऱ्हाईक काठावर गेले आणि वाट सायची रया गेली, तेव्हा प्रवासी खात्याची व धंदेवाल्यांची दृष्टी दामनोएन सादुआककडे वळली. तेथेही पुढे तोच क्रम चालू राहिला. पट्टायाला तर 2008 साली असा एक बाजार खास प्रवाशांसाठी नव्यानेच बांधण्यात आला. तेथे होडीत बसणाऱ्या बायकांना मी दोष देत नाही. त्यांचे श्रम खरे आहेत आणि त्यांच्या घरची चूल त्यावर पेटते. पण ज्या ठिकाणी एकही शेजारीण संध्याकाळच्या भाजीसाठी येत नाही, तेथे मालाच्या प्रतीला पारखणारा कोणी उरत नाही, उद्याचे गिऱ्हाईक आजच्या गिऱ्हाइकाहून निराळे असते, आणि भाव ठरविण्याचा एकच निकष शिल्लक राहतो, तो म्हणजे पाहुणा किती अनभिज्ञ आहे. अशा स्थळाला बाजार म्हणणे मला मान्य नाही.

या प्रश्नाची दुसरी बाजू सरकारी दफ्तरात आहे. बँकॉकच्या महानगर प्रशासनाने गेल्या दशकात सुव्यवस्थेची मोठी मोहीम उघडली: 2015 मध्ये ओंग आंग कालव्यावर चक्क पाणी झाकून उभे राहिलेले सफान लेकचे गाळे काढले, 2016 मध्ये पाक ख्लोंग तलात या जुन्या कालवामुखाच्या फुलबाजारातील पदपथांवरच्या विक्रेत्यांना हटविले, आणि 2017 च्या एप्रिलमध्ये शहराच्या सर्व पन्नास विभागांतील रस्त्यांवरून खाद्यविक्रेते हटविण्याचा मनोदय जाहीर केला. जगभर ओरड झाल्यावर काही भागांपुरती सूट देण्यात आली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मिशेलिनच्या पहिल्या बँकॉक मार्गदर्शिकेने रस्त्याकाठी कोळशाच्या शेगडीवर रांधणाऱ्या जे फाय यांना तारांकित केले, आणि जे काढून टाकावयाचे होते तेच या नगरीचे भूषण आहे, हे एका परक्या संस्थेकडून कळावे याचे मला दुःख वाटले. पुढच्या वर्षी, 2018 मध्ये, महाकान किल्ल्याच्या तटाला आणि कालव्याला लागून असलेली, जुन्या लाकडी घरांची वस्ती पंचवीस वर्षांच्या झगड्यानंतर उठविण्यात आली आणि तिच्या जागी हिरवळ आली. ती हिरवळ सुबक आहे, आणि अगदी निर्जन आहे.

मी पादचाऱ्याच्या हक्काचा विरोधक नाही. म्हातारा माणूस, काठी टेकत चालणारी बाई, मुलाची ढकलगाडी नेणारी आई यांना पदपथावर जागा मिळालीच पाहिजे, आणि कालव्यात खरकटे टाकणाऱ्याला दंडही झाला पाहिजे; फदुंग क्रुंग कासेमचे पाणी आज ज्या काळसर अवस्थेत आहे ती कोणालाही भूषणावह नाही. ओंग आंगच्या काठाचे काम 2020 मध्ये पुरे झाले तेव्हा झाकलेले पाणी मोकळे झाले, पाहुरातच्या भारतीय कापडपेठेच्या पाठीशी चालण्याजोगा रम्य काठ तयार झाला, आणि हे काम चांगलेच झाले. परंतु काठ सुशोभित करणे आणि काठावरचा माणूस हलविणे या दोन तजविजी भिन्न आहेत, आणि प्रशासनाच्या कागदावर त्या वारंवार एकाच शीर्षाखाली येतात. नांग लोएंगच्या पेठेची जमीन बव्हंशी राजमिळकतीच्या खात्याकडे आहे. गाळेधारक भाडेकरू आहेत. म्हणजे या पेठेचे भवितव्य छपराच्या डागडुजीवर वा भिंतींच्या रंगावर अवलंबून नसून भाडेपट्ट्याच्या मुदतीवर आणि भाड्याच्या दरावर अवलंबून आहे. साध्या भात-रश्शाच्या किमतीत जे भाडे निघू शकत नाही, ते भाडे लागू झाले की त्या दिवशी पेठ संपली, मग तिच्या कमानी कितीही निगुतीने राखलेल्या असोत. जुन्या बाजारांच्या जीर्णोद्धाराचा विचार करणाऱ्या कोणत्याही अधिकाऱ्याने वास्तुविशारदाच्या आधी भाडेकरूला बोलवावे, असे मी म्हणेन.

राहिला आपला, म्हणजे मराठी प्रवाशाचा, प्रश्न. आपल्याकडचे अनेक प्रवासव्यवस्थापक मंडळींसोबत आचारी नेतात आणि बँकॉकमध्ये रात्री वरणभात वाढतात. वृद्ध माणसांची, पथ्यपाण्याची आणि व्रतस्थांची त्यामुळे खरोखरच सोय होते, आणि तिची हेटाळणी करण्याचे मला कारण नाही. शाकाहाऱ्याची अडचणही खरी आहे, कारण मासळीचा खारट अर्क येथे भाजीतही पडतो. तरीही मार्ग आहे. ज्या गाळ्यावर तांबड्या अक्षरांचे पिवळे निशाण असते तेथे ‘जे’ पद्धतीचे अन्न मिळते: मांस, मासळी, अंडे, दूध यांतील काही नाही, आणि आपल्या चातुर्मासाप्रमाणे कांदा-लसूणही नाही. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याच्या आरंभी नऊ दिवस हे व्रत सगळ्या नगरात पाळले जाते, आणि ते बहुधा आपल्या शारदीय नवरात्राच्याच सुमारास येते. त्या दिवसांत गेलेल्या मराठी शाकाहाऱ्याला पिवळी निशाणे पावलोपावली आढळतील. इतर दिवशीही तळलेली केळी आहेत, केवड्याच्या जातीच्या पानांच्या द्रोणांत लावलेले नारळाच्या सायीचे ताको आहे, चिकट भात आणि आंबा आहे. अंडे चालत असल्यास खानोम बुएंग आहेच.

म्हणून प्रवासव्यवस्थापकांना माझी आग्रहाची विनंती आहे, की बँकॉकच्या कार्यक्रमातील एक सकाळ त्यांनी या पेठेसाठी राखून ठेवावी, तीही सोमवार ते शुक्रवारच्या दरम्यान. चाळीस जणांचा जथा एकदम न लोटता सहा-सहा, आठ-आठ जणांच्या तुकड्या कराव्यात. आणि त्या दुपारी आचाऱ्याला सुट्टी द्यावी. प्रवाशांना विनंती ही, की लहान किमतीच्या नोटा जवळ ठेवा, घासाघीस करू नका, कारण येथे दफ्तरातल्या शिपायाला जो भाव तोच तुम्हाला आहे. जेवून झाल्यावर मेज अडवून बसू नका, तुमच्या मागे ताट घेऊन कोणीतरी उभे असते आणि त्याला एक वाजता कामावर परतावयाचे असते. छायाचित्र विचारून काढा. आणि साडेअकराच्या आत पोहोचा, कारण बारानंतर चांगल्या पराती रिकाम्या झालेल्या असतात.